गाजरगवताचा हिशेब



आपल्या समाजातल्या बहुतेकांनी या देशात कारखान्यांत, बंदरात, दवाखान्यांत नाहीतर शाळांत नोकऱ्या केल्या. शेती करणारे थोडे. तरी या वेळी मी शेतातल्या एका तणावर लिहिणार आहे, कारण हे तण आपल्या दोन्ही देशांना ओळखते, आणि ते काढण्याच्या खर्चात जे गणित दडले आहे ते शेत नसलेल्यालाही समजण्यासारखे आहे. मी जन्मभर मुलांना गणित शिकवले, म्हणून विषयाकडे त्याच बाजूने बघते.

महाराष्ट्रात याला गाजरगवत म्हणतात, काँग्रेस गवत म्हणतात, कोणी चटकचांदणीही म्हणतात. शास्त्रीय नाव पार्थेनियम. पाने गाजराच्या पानांसारखी कातरलेली, वर बारीक पांढरी फुले, उंची कमरेइतकी आणि ओल चांगली असली तर माणसाइतकी. मूळचे मेक्सिको आणि त्याच्या आसपासचे. पुण्यात ते १९५५-५६च्या सुमारास प्रथम नजरेत भरले. अमेरिकेतून येणाऱ्या गव्हातून ते आले असे सर्वसाधारणपणे मानतात. जुन्या वनस्पतिसंग्रहांत त्याआधीचे काही नमुने सापडले आहेत हे खरे, पण देशभर ते फैलावले पुण्यानंतरच. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाचा अंदाज असा, की भारतात आज सुमारे साडेतीन कोटी हेक्टर जमिनीवर ते पोचले आहे.

इस्राएलमध्ये ते १९८०च्या सुमारास बेत शेआनच्या खोऱ्यात, तिरत त्स्वी किबुत्सच्या मत्स्यतळ्यांपाशी दिसले. माशांच्या खाद्यासाठी अमेरिकेतून आणलेल्या धान्यातून बी आले असावे, असे वनस्पतिशास्त्रज्ञांचे मत आहे. म्हणजे तिकडे माणसांच्या धान्यातून आणि इकडे माशांच्या. पुष्कळ वर्षे ते त्या खोऱ्यापुरतेच राहिले आणि कोणी फारसे लक्ष दिले नाही. नंतर मात्र ते खोऱ्याबाहेर पडले आणि इतर भागांतही दिसू लागले.

आता पहिला हिशेब येथेच करू. धान्य स्वस्त पडले म्हणून विकत घेतले. त्या स्वस्त भावात बियांची किंमत धरलेली नव्हती. ती नंतर दिली कोणी? धान्य विकणाऱ्याने नाही, आणणाऱ्याने नाही, खाणाऱ्यानेही नाही. ज्याच्या शेतात ते उगवले त्याने दिली, तीही दरवर्षी. व्यवहार दोघांचा आणि बिल तिसऱ्याच्या दारात, हा प्रकार या गवताच्या बाबतीत वारंवार दिसतो. म्हणून हे वाक्य ध्यानात ठेवून पुढे वाचावे.

हिब्रूत तणाला 'असावीम शोतीम' म्हणजे वेडे गवत म्हणतात. हे वेडे मात्र आपल्या कामात पक्के आहे. उगवल्यापासून चार ते सहा आठवड्यांत फुलावर येते. ओल असली की वर्षात केव्हाही उगवते, ऋतूची वाट बघत नाही. एका फुलात पाच बिया, दिसायला अगदी क्षुल्लक, पण एका चांगल्या वाढलेल्या झाडावर दहा-पंधरा हजार बिया सहज होतात. वर पडलेले बी लवकर मरते, पण मातीत पुरले गेलेले पाच-सहा वर्षे जिवंत राहते.

समजा, तुमच्या एका दुनामाच्या कोपऱ्यात या गवताची दहा झाडे आली. (गावाकडचे माप आठवणाऱ्यांसाठी: एक दुनाम म्हणजे जवळजवळ दहा गुंठे, चार दुनाम म्हणजे साधारण एक एकर.) एक झाड मुळासकट उपटायला अर्धा मिनिट धरा. दहा झाडांना पाच मिनिटे. मजुरी लावायची झाली तर हिशेबात धरण्याजोगीही नाही.

ती पाच मिनिटे काढली नाहीत. दर झाडाला दहा हजार धरले तरी एक लाख बिया जमिनीत गेल्या. त्यांतल्या शंभरात एकच उगवली असे माना, म्हणजे पुढच्या खेपेला एक हजार झाडे. अर्ध्या मिनिटाने पाचशे मिनिटे, म्हणजे आठ तास वीस मिनिटे. एका माणसाचा पुरा रोज गेला. तोही दिला नाही, तर हजार झाडांच्या एक कोटी बिया, त्यांतून शंभरात एक या प्रमाणाने एक लाख झाडे, पन्नास हजार मिनिटे, म्हणजे आठ तासांचे एकशेचार रोज. प्रत्यक्षात इतकी झाडे एका दुनामात नीट मावणार नाहीत, एकमेकांना दाबून कित्येक मरतील, आणि तोपर्यंत कोणी हाताने उपटतही बसणार नाही. तेव्हा शेवटचा आकडा खरा धरू नका. पहिले दोन मात्र धरा. पाच मिनिटे आणि एक रोज. मधे गेला फक्त एक हंगाम.

नेहमीच्या तणाबद्दल शेतकरी असा विचार करत नाही, आणि ते योग्यच आहे. शेतीशास्त्रात 'आर्थिक नुकसानीची पातळी' असा एक शब्द आहे. तण थोडे असेल तर पिकाचे नुकसान थोडे. ते काढायला नुकसानीपेक्षा जास्त खर्च येत असेल तर राहू द्यावे. नुकसान खर्चाच्या वर गेले की मगच मजूर लावावेत किंवा फवारावे. जे तण त्या जमिनीत शेकडो वर्षे आहे, ज्याच्या बिया तशाही सगळीकडे आहेत, त्याला हा नियम लागू पडतो. दहा झाडे सोडली म्हणून पुढच्या वर्षी काही आभाळ कोसळत नाही.

नव्याने शिरलेल्या तणाला हा नियम लावला की माणूस फसतो. त्याची दहा झाडे या वर्षी पिकाचे काहीच बिघडवत नाहीत. पातळीच्या खाली आहेत. पुस्तकी नियम सांगतो, राहू द्या. आणि नेमके त्याच वर्षी त्यांना काढणे सर्वात स्वस्त असते. या वर्षीचा खर्च या वर्षीच्याच नुकसानीशी ताडून पाहणे पुरत नाही. जमिनीत साठणाऱ्या बियांचे पुढील पाच-सहा वर्षांचे देणे त्याच पानावर मांडावे लागते. बँकेच्या कर्जाचा हप्ता आपण असाच मांडतो. या देण्याचे व्याज तर कोणत्याही बँकेपेक्षा जबर.

नांगरणीचेही तसेच. वरवर दिसते की खोल नांगरले, गवत गाडले, काम झाले. फुलावर येण्याआधी गाडले तर खरेच झाले, उलट हिरवळीचे खत मिळाले. पण बी धरल्यावर गाडले तर आपण आपल्याच हाताने कणगी भरून ठेवली. पुढच्या नांगरणीला ती उघडेल.

आता काढायचे ठरवले तर काय काय पडते ते पाहू.

हाताने काढणे, म्हणजे देशावरची खुरपणी आणि आपल्या कोकणातली बेणणी. भारतात हे काम बहुतेक बायका करतात. मजुरी कमी, म्हणून ते स्वस्त दिसते. पण गाजरगवताचा चीक आणि परागकण अंगाला लागले तर पुष्कळांच्या त्वचेला खाज येते, चट्टे उठतात, कोणाला दमा लागतो. पुण्यातल्या डॉक्टरांकडे असे रोगी १९७०च्या दशकातच येऊ लागले होते. औषधाचा खर्च, बुडालेले रोज, न सुकणारे हात, हे शेतमालकाच्या वहीत कुठेच लिहिलेले नसते. म्हणजे पुन्हा तेच, बिल तिसऱ्याच्या दारात. इस्राएलमध्ये मजुरी तासावर आणि महाग. भाजीपाल्याची शेती बरीचशी थाई कामगारांवर चालते. मोठ्या शेतात हाताने तण काढणे कोणालाच परवडत नाही. दहा झाडे असतानाचे पहिले वर्ष तेवढे परवडते.

फवारणी मजुरीहून स्वस्त, म्हणून सगळे तिकडे वळतात. गवत कोवळे असताना, फुलाआधी, ती चालतेही. मात्र एकच औषध वर्षानुवर्षे मारले की त्याला न जुमानणारी झाडे तेवढी उरतात आणि त्यांचेच बी वाढते. कोलंबियातल्या फळबागांत ग्लायफोसेटला दाद न देणारे गाजरगवत २००४ साली नोंदले गेले. स्वस्त औषध निकामी झाले की त्याच्या जागी महागडे घ्यावे लागते, आणि हा खर्च ज्याने जास्त फवारले त्याच्यापुरता राहत नाही, कारण ते बी शेजारीही जाते.

याच देशात जन्मलेला एक उपाय आहे, त्याचा आपल्याला अभिमान वाटावा. यार्देन खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी आणि मार्गदर्शकांनी पाहिले होते की प्लास्टिक अंथरलेली जमीन उन्हाळ्यात फार तापते. रेहोवोतच्या कृषी विद्याशाखेतले प्राध्यापक याकोव कतान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर प्रयोग करून १९७६ साली ते जगापुढे मांडले. भर उन्हाळ्यात जमीन भिजवायची, वर पारदर्शक प्लास्टिक अंथरायचे आणि चार ते सहा आठवडे उन्हाला तापू द्यायची. हेतू जमिनीतले रोग मारण्याचा होता. त्याबरोबर वरच्या थरातल्या पुष्कळ तणांच्या बियाही मरतात. ऊन फुकट आहे. प्लास्टिक, पाणी आणि ते कामगार फुकट नाहीत, आणि शिवाय तितके आठवडे जमीन रिकामी राहते. भाजीपाल्यासारख्या भाव असलेल्या पिकाला हे पेलते. गव्हाच्या शेतावर प्लास्टिक अंथरणारा शेतकरी मला अजून भेटायचा आहे.

भारतात एक किडाही आणला गेला. मेक्सिकोतला एक भुंगेरा, झायगोग्रामा नावाचा, १९८३ साली बंगलोरला आणून १९८४मध्ये सोडला. तो पावसाळ्यात गाजरगवताची पाने खातो आणि थंडीत जमिनीत झोपतो. खर्चाच्या दृष्टीने हा उपाय सर्वांहून निराळा. सुरुवातीच्या तपासण्यांवर पैसे लागतात, पण एकदा रुजला की त्याला मजुरी नको, दरसाल विकत घ्यायला नको, आणि गरीब शेतकऱ्याच्या बांधावरही तो आपण होऊन जातो. मात्र पुढे काही ठिकाणी तो सूर्यफुलावर दिसला आणि एकच गदारोळ उठला. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. सूर्यफुलाच्या पानांवर गाजरगवताचे परागकण पडले असले तरच तो ती खातो, असे शास्त्रज्ञांना आढळले, पण तोपर्यंत शेतकऱ्यांच्या मनात धास्ती बसली होती. सूर्यफुलाचे पीक इस्राएलमध्येही आहे. असा कीटक सोडायचा तर एकदा सोडल्यावर परत बोलावता येत नाही, हीही हिशेबातली एक रक्कमच आहे.

आणखी एक उपाय वाचून मला गंमत वाटली. टाकळा! पावसाच्या तोंडावर टाकळ्याचे बी टाकले तर तो झपाट्याने वाढून गाजरगवताला उन्हापासून तोडतो. देशावर याला तरोटा म्हणतात. पहिल्या पावसानंतरची टाकळ्याची भाजी, वर ओले खोबरे, अलिबाग-रेवदंड्याकडच्या कोणाला आठवत नाही? बी जवळजवळ फुकट आणि वर भाजी. पडीक जमिनीवर आणि रस्त्याकडेला हे ठीक आहे. उभ्या पिकात टाकळा म्हणजे एका तणाच्या जागी दुसरे.

गवताचे खत करा, त्याला काहीतरी किंमत आणा म्हणजे लोक आपोआप उपटतील, असेही सुचवतात. फुलाआधी उपटून खत करणे चांगलेच. पण या युक्तीवर माझा फारसा भरवसा नाही. ज्या वस्तूला भाव येतो ती संपावी असे कोणाला वाटत नाही. गवत विकून दोन पैसे मिळवणारा शेवटचे झाड उपटील का? शिवाय बी धरलेले गवत खतात गेले तर खताच्या गाडीबरोबर ते दहा नव्या शेतांत पोचते.

आता शेजाऱ्याचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळी अडचण येथे आहे. माझ्या भाच्याची एझ्रएल खोऱ्यातल्या एका मोशावात भाजीपाल्याची जमीन आहे. त्याने आपले शेत दोन वर्षे चोख ठेवले. शेताला लागून पाण्याचा चर आहे, तो त्याचा नाही, शेजाऱ्याचाही नाही. चराच्या काठी गवत फुलते आणि पाणी येते तेव्हा बी शेतात. मी त्याला विचारले, चर तूच का साफ करत नाहीस? तो म्हणाला, "मावशी, मी केला तर खर्च माझा आणि फायदा तिघांचा." उत्तर शहाण्याचे आहे. तरी आकडे मांडून पाहू.

समजा, चर साफ करायला वर्षाला चार रोज लागतात. चरालगत तीन शेतकरी आहेत आणि चरातल्या बियांमुळे दर एकाचे वर्षाला दोन रोज जास्तीच्या तणकाढणीत जातात. एकट्याने चर साफ केला तर दोन वाचवायला चार घालवले. तोटा. म्हणून कोणी करत नाही, आणि तिघांचे मिळून सहा रोज दरवर्षी जातात. तिघे एकत्र आले तर चार रोजांत काम होते. प्रत्येकाच्या वाट्याला एक दिवस दोन तास चाळीस मिनिटे. दोन दिवसांपेक्षा ते कमीच आहे. तिघांतला प्रत्येकजण शहाणा, आणि तिघे मिळून सहा रोज घालवतात!

यावर तोड आपल्या जुन्या कुलाबा जिल्ह्यात होती. समुद्राकाठच्या खार जमिनीत भातशेती असे आणि उधाणाचे पाणी बाहेर ठेवायला मातीचे बांध असत. बांध कोणाच्याही हद्दीत फुटला तरी खारे पाणी सगळ्यांच्या भातात शिरे, आणि मग तुझा बांध, माझा बांध या वादाला अर्थ उरत नसे. म्हणून गावोगाव 'जोळ' असे. खारीतल्या सर्व शेतकऱ्यांनी मिळून बांध राखायचा, ज्याने त्याने आपल्या वाट्याचे काम द्यायचे. गाजरगवताचे बी हे त्या खाऱ्या पाण्यासारखेच आहे. मोशावाला अशा गोष्टी नव्याने शिकवायला नकोत, पाणी आणि ट्रॅक्टर त्यांनी एकत्र वापरलेच आहेत. चराचे नाव मात्र अजून कोणाच्या यादीत नाही.

कायद्याने काम भागेल असे काहींना वाटते. कर्नाटकाने १९७५ साली गाजरगवताला कायद्याखाली उपद्रवी तण जाहीर केले. गवत मात्र तेथे आजही भरपूर आहे. मालकावर जबाबदारी टाकली तरी रस्त्याच्या, रेल्वेच्या आणि कालव्याच्या कडा सरकारच्याच. तेथले गवत काढायला सरकारला नोटीस कोण देणार?

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण मला जास्त शिकवणारे वाटते. तेथील क्वीन्सलँड राज्यात १९६०च्या सुमारास अमेरिकेतून आणलेल्या कुरणाच्या गवताच्या बियाण्यातून हे तण आले आणि गुरांच्या चराईच्या प्रदेशात प्रचंड पसरले. १९९०च्या दशकातल्या एका अंदाजाप्रमाणे गोमांसाच्या धंद्याचे नुकसान वर्षाला सुमारे १ कोटी ६५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होते. शेजारच्या न्यू साउथ वेल्स राज्यात ते १९८२ साली दिसले. त्यांनी पातळीबितळी पाहिली नाही. सापडेल ते झाड काढायचे आणि क्वीन्सलँडहून येणारी कापणीयंत्रे सरहद्दीवर धुऊन, तपासून मगच आत घ्यायची, असा शिरस्ता पाडला. यंत्र खोळंबते, मालक कुरकुरतो, तपासनीसाचा पगार पडतो. हे सगळे धरूनही क्वीन्सलँडच्या तुलनेत त्यांचे फार स्वस्तात भागले.

जेथे हे जमत नाही तेथे काय होते त्यासाठी इथिओपियाकडे बघावे, जेथून आपले कित्येक बांधव या देशात आले. तेथे ज्वारीच्या शेतांवर केलेल्या चाचण्यांत गाजरगवत तसेच राहू दिल्यावर उत्पन्न जागेनुसार आणि वर्षानुसार ४० ते ९७ टक्क्यांनी घटले. ९७ टक्के म्हणजे शंभर पायल्यांच्या जागी तीन. तेथे घरी खायची ज्वारीच उरत नाही.

आता आपल्यापैकी ज्यांचे शेत आहे, बाग आहे किंवा नुसती घरामागची चार फूट माती आहे त्यांच्यासाठी. गाजराच्या पानांचे पण गाजर नसलेले झाड दिसले तर हातमोजे घालून, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, मुळासकट उपटावे. जमिनीसरशी कापले तर ते बुडातून पुन्हा फुटते. पाऊस किंवा पाणी झाल्यावर माती मऊ असताना मूळ सहज येते. फुले नसतील तर तेथेच वाळू द्यावे. त्याआधी फोनवर फोटो काढून कृषी खात्याच्या 'शाहाम' मार्गदर्शन सेवेच्या माणसाला दाखवावा, कारण लहानपणी त्याच्यासारखी दिसणारी इतर रोपेही आहेत. भाड्याचा ट्रॅक्टर किंवा कापणीयंत्र शेतात घेण्याआधी चाकांची माती धुवायला सांगावी. गावी जाऊन येणाऱ्यांनी चपला-बुटांचे तळवे विमानात बसण्याआधीच घासून घ्यावेत. आणि झाडावर बी धरले असेल तर ते हलवू नये. आधी वरून प्लास्टिकची पिशवी घालून बुडाशी बांधावी, मग उपटावे.